रसाळ सरांची बोटं

रसाळ सरांशी बोलायला उभं राहिलं की ते तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. डावा हात पोटाशी धरतात आणि तुम्ही 'पण' म्हणालात की एक बोट मिटतात. 'म्हणून' म्हणालात की दुसरं. 'कारण' आलं की तिसरं. मूठ पूर्ण मिटली की ती उघडायची आणि अंगठ्यापासून पुन्हा सुरू. तुम्ही लिफ्ट बंद असल्याचं सांगत असा नाहीतर सासू आजारी असल्याचं, ते ऐकतात, उत्तरही देतात. बोटांचं काम मात्र वेगळं चालू असतं.

मी धंद्याचा माणूस. निघोज्यात माझं लाकडी पेट्यांचं वर्कशॉप आहे. चाकणहून यंत्रांचे भाग परदेशी जातात, त्यातले बरेच माझ्या पेट्यांतून जातात. बीडकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होतो, आता माझ्या पेट्यांना दुसरे ठोकतात. हे सगळं मी बोलण्यावर कमावलं. कंपनीचा खरेदीवाला भाव पाडायला लागला की आपण म्हणायचं, "साहेब, तुमचं बरोबर आहे, पण…" आणि थांबायचं. चहाचा एक घोट घ्यायचा. त्या घोटाएवढ्या वेळात समोरचा निम्मा वितळतो. माझा रावेतचा फ्लॅट त्या 'पण'वर उभा आहे. अशा माणसाच्या प्रत्येक 'पण'ला कुणी बोट मिटायला लागला तर डोकं फिरणार नाही तर काय होणार?

सर आमच्याच सोसायटीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. आकुर्डीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवतात. लग्न केलेलं नाही. सोबत वडील असतात, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांच्याबद्दल पुढं येईलच.

आमची ओळख सोसायटीत झाली नाही, आकुर्डीच्या रद्दीवाल्याकडे झाली. मी तिथं जुना पुठ्ठा घ्यायला गेलो होतो. पेटीच्या कोपऱ्यांत घालायला तो लागतो. तर हे गृहस्थ फरशीवर मांडी घालून बसलेले, पुढं काळ्या जाड वह्यांचा ढीग. इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा रिपोर्ट देतात ना, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, तेच. कॉलेजं ते काही वर्षांनी रद्दीत काढतात. सर एकेक उघडून वाचत होते आणि बोटं मिटत होते. रद्दीवाल्यानं जो भाव सांगितला तो त्यांनी मुकाट्यानं द्यायला काढला. मला ते बघवेना. अनोळखी माणसाच्या व्यवहारात मी सहसा पडत नाही, पण असा सौदा डोळ्यांपुढं झाला तर मला रात्री जेवण जात नाही. मी मध्ये घुसलो, रद्दीवाल्याला त्याच्याच वजनातली खोट दाखवली आणि भाव खाली आणला.

सर म्हणाले, "आभारी आहे. तुम्ही 'पण' फार वापरता."

गाडीत बसवून घरी आणताना त्यांनी सगळं सांगितलं. ते पीएच.डी. करत होते. विषय असा, की इंग्रज माणूस अभ्यासाचा लेख लिहितो तेव्हा वाक्याला वाक्य कशानं जोडतो, आणि आपण इंग्रजीत लिहितो तेव्हा कशानं जोडतो. बट, सो, हाउएव्हर, देअरफोर, मोरओव्हर. मी विचारलं, यावर पीएच.डी. मिळते? ते म्हणाले, मिळते. मी विचारलं, यातून निघतं काय?

"त्यांची वाक्यं शेजारी शेजारी उभी असतात," सर म्हणाले. "जोडशब्द लागला तर साधा घेतात. 'बट', 'सो'. जड असला तर तो मध्ये कुठंतरी सरकवतात. आपण प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर टोपी घालतो. हाउएव्हर. मोरओव्हर. हेन्स. आपल्याला भीती असते. वाचणारा वाट चुकेल, असं वाटतं. प्रत्येक वळणावर पाटी लावतो."

मी म्हटलं, तळेगाव-चाकण रस्त्यावर पाट्या नसल्या तर माणूस थेट शिक्रापूरला जाईल. सर म्हणाले, "वाचणाऱ्याला कळतं."

हे त्यांचं पेटंट वाक्य. कुठल्याही भांडणात ते एवढंच म्हणतात.

त्यांचं स्वतःचं बोलणंही तसंच झालेलं. सगळे सांधे काढून टाकलेलं. "रिक्षा बंद पडली. चालत आलो. उशीर झाला." ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस चिडलाय. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीनं टाकी धुण्याची नोटीस त्यांना तपासायला दिली. तिच्यात 'तरी सर्व सभासदांना नम्र विनंती करण्यात येते की' वगैरे रीतसर मजकूर होता. सरांनी सगळा उडवला. बोर्डावर लागलं ते असं: 'उद्या टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.' सकाळी सेक्रेटरीला तीन-चार घरांतून फोन आले, एवढं रागवायला काय झालं म्हणून.

पण या वेडाला कारण होतं, आणि ते कळल्यावर मला सर थोडे आवडायला लागले. त्यांनी पूर्वी एकदा परदेशातल्या मासिकाला लेख पाठवला होता. बरीच मेहनत केली होती. तो परत आला, वर एक ओळ लिहून: ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा माणसाकडून हे तपासून घ्यावं. चूक एकही दाखवली नव्हती. नुसतं तपासून घ्या. सरांनी तो लेख कितीदा वाचला असेल देव जाणे. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर. मग यांना कळलं कशावरून, की लिहिणारा आपला नाही? त्या शोधात हा माणूस जोडशब्दांपर्यंत पोचला.

मला हे आतपर्यंत समजलं. माझ्या पेटीत खोट न दाखवता 'सर्टिफाइड व्हेंडरकडून घ्या' असा शेरा मारणारे मी पाहिलेत. सरांच्या जागी मी असतो तर त्या मासिकाला फोन लावला असता. सरांनी बोटं मिटायला घेतली. स्वभाव आपापला.

आता माझ्या भांडणाकडे येतो. ते अजून मिटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्या कंपनीला मी सगळ्यात जास्त पेट्या देतो, तिथं पॅकेजिंगचा नवा मोठा साहेब आला, थेट इंग्लंडचा. तो येऊन स्थिरस्थावर होतोय तोच माझ्या एका लॉटला बुरशी लागली. पेट्या परदेशी उघडल्या आणि आत पांढरं. कंपनीनं लेखी खुलासा मागितला, इंग्रजीत. खरी गोष्ट अशी होती की लाकूड थोडं ओलसर होतं, हे मला मान्य. पण कंटेनर वेळेवर आला नाही आणि माझ्या पेट्या त्यांच्याच यार्डात, ऐन पावसात, ताडपत्रीशिवाय पडून होत्या. हा 'पण' लाखमोलाचा होता. मी रसाळ सरांकडे गेलो. मी कुणाकडे सहज जात नाही, तेवढा वेळ मला नसतो. काम असलं तर जातो, आणि हे काम होतं. सगळं नीट सांगितलं. सरांनी मान हलवत, बोटं मिटत ऐकलं आणि पत्र टाईप करून दिलं. माझं त्या दिवशी डिस्पॅच होतं. मी न वाचता पाठवलं.

दोन दिवसांनी निवांत वाचलं. मला इंग्रजी येतं; पर्चेस ऑर्डरी वाचून वाचून आलं. पत्र असं होतं: लाकूड ओलसर होतं. आम्ही ते तपासलं नाही. पेट्या तुमच्या यार्डात उघड्यावर होत्या. पाऊस होता. यापुढे आम्ही लाकूड तपासू.

संपलं पत्र. 'पण' कुठंच नाही.

मी तसाच पार्किंगमध्ये उतरलो. सर स्कूटर पुसत होते. मी जे बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तात्पर्य एवढंच, की तुम्ही माझा गुन्हा कबूल करून टाकलात आणि माझी बाजू बाजूला उभी केलीत, नुसती शेजारी शेजारी. मी पंधरा वर्षं ज्या शब्दावर पोट भरलं तो तुम्ही खोडून टाकलात. बोलताना मी किती वेळा 'पण', 'म्हणून', 'कारण' म्हणालो असेन त्याला सुमार नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की सरांचा डावा हात नुसता लोंबतोय. एकही बोट मिटलेलं नाही.

माझा आवाज आपोआप उतरला. विचारलं, काय झालं? बरं नाही का?

सरांनी स्कूटरचं फडकं घडी करून ठेवलं आणि सांगितलं ते असं. रद्दीतल्या रिपोर्टांची त्यांनी, आत दिलेल्या पत्त्यांवरून, पोरांच्या गावांप्रमाणे वर्गवारी केली होती. त्यात एक गठ्ठा वेगळा निघाला. त्यातली पोरं वेगवेगळ्या कॉलेजांतली, वेगवेगळ्या वर्षांची. रिपोर्टचे विषय वेगळे, कुणाचा ब्रेक, कुणाचा पंप. पण प्रत्येकाच्या तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला 'मोरओव्हर'. गरज असो नसो, मोरओव्हर. सगळी एकाच तालुक्यातून आलेली. सरांच्या गाइडबाई खूश झाल्या. म्हणाल्या, हे तुमचं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे, याचं मूळ शोधा.

"मूळ शोधायची गरज नव्हती," सर म्हणाले. "मूळ घरी बसलंय. चहा पितंय."

गुरुजींनी त्या तालुक्यात पस्तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी शिकवलं त्यापेक्षा दुसरं इंग्रजी तिथं कुणाला माहीतच नव्हतं. त्यांनी पोरांना एक युक्ती दिली होती: निबंधात तिसऱ्या परिच्छेदाला 'मोरओव्हर' घाला, तपासणारा खूश होतो. पोरं पास झाली, इंजिनिअर झाली, पिंपरी-चिंचवडला आली. मोरओव्हर सोबत घेऊन आली. सरांनाही तो शब्द तिथूनच मिळाला होता. मासिकाकडून परत आलेल्या त्या लेखात, तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला, तोच होता.

"मग ते प्रकरण देऊ नका," मी म्हटलं.

"प्रकरण खरं आहे. द्यावं लागेल. मुदत या महिन्यात आहे."

"मग गुरुजींना सांगू नका."

"त्यांना दिसत नाही. प्रत्येक प्रकरण मी वाचून दाखवतो. ते वाट बघतात. मी म्हणतो, अजून झालं नाही."

मी धंद्यातली अक्कल लावून बघितली. म्हटलं, गावाचं नाव बदला. ते म्हणाले, नाव नाहीच, तरी ओळखतील. म्हटलं, मग तेवढी पानं गाळून वाचा. ते म्हणाले, अण्णा, म्हणजे गुरुजी, बाइंडिंग हातात घेऊन जाडी चाचपतात, नंतर किती पानं वाचली ते विचारतात. शाळा तपासनीस आल्यासारखं. मी म्हटलं, निम्मं सांगा, निम्मं ठेवा. मी गिऱ्हाइकाला असंच सांगतो. सरांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुमच्या पत्राचं वाईट वाटतं," म्हणाले, आणि वर गेले. माझं भांडण तिथंच अर्धवट राहिलं. अर्धवट भांडण मला दुखऱ्या दाढेसारखं सलतं.

पुढं पत्राचं जे झालं ते ऐका. इंग्लंडच्या साहेबाला पत्र एकदम आवडलं. वाचून तो उठला, यार्डात गेला, आणि तिथं शेड घालायला सांगून आला. म्हणजे त्याला कळलं. 'पण' नसताना कळलं. मला वाटलं, चला, सर जिंकले. पण माझा भाव आणि माझा वाटा तो साहेब ठरवत नाही. तो ठरवतो खरेदीवाला, आपला मराठी माणूस, थेरगावचा. त्यानं पहिली दोन वाक्यं वाचली: लाकूड ओलसर होतं, आम्ही तपासलं नाही. पुढं वाचायची त्याला गरज वाटली नाही. माझ्या निम्म्या पेट्या त्यानं दुसऱ्या व्हेंडरला दिल्या. मी भेटायला गेलो तर माझंच पत्र माझ्यापुढं धरलं आणि म्हणाला, "राव, तुम्हीच लिहिलंय की." शेड झाली. त्या शेडखाली आता निम्म्या पेट्या दुसऱ्याच्या उभ्या असतात.

निम्म्या पेट्या काढून घेतल्याचा खरेदीवाल्याचा मेल मी छापून घेतला, शर्टाच्या खिशात घातला आणि रविवारी सकाळी सरांच्या दाराची बेल दाबली. या वेळी अर्धवट सोडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पहिलं वाक्यही तयार होतं: सर, वाचणाऱ्याला कळतं म्हणालात, तर वाचणारे दोन होते.

दार गुरुजींनी उघडलं. भिंतीला हात लावत आलेले. पांढरा लेंगा, वर स्वेटर. "कोण? ढाकणे का? या. पायांवरून ओळखलं. चिडला की तुम्ही टाचा आपटता." मग म्हणाले, "बरे आलात. आज पोराचं प्रकरण आलंय. द्यायच्या आधी वाचायचंय. बसा."

सर खुर्चीत बसले होते, मांडीवर स्पायरल केलेला कागदांचा गठ्ठा. त्यांनी मला बघितलं, माझ्या खिशातला कागदही बघितला असावा. टेबलावर दुसरी प्रत पडली होती. गुरुजींनी ती चाचपून उचलली, अंगठ्यानं जाडी बघितली आणि माझ्या हातात दिली.

"तुम्ही ही धरा. एक वाचायचा, एकानं पुस्तकात बोट ठेवायचं. आम्ही वर्गात असंच करायचो. वाचणारा चुकला तर धरायचं. दहावीला इंग्रजीत किती होते तुम्हाला?"

मी म्हटलं, जेमतेम पास होतो. ते म्हणाले, चालेल.

सर वाचायला लागले. मी बोट ठेवून चाललो. आधी माझं बोट मागं पडत होतं, मग जमलं. गुरुजी डोळे मिटून बसले होते, डावा हात पोटाशी. मला तो हात ओळखीचा वाटला, पण का ते लगेच कळेना. मग सर म्हणाले, "मोरओव्हर," आणि गुरुजींचा अंगठा मिटला.

मी पानावर बघितलं. पानावर तो शब्द नव्हता. तिथं वाक्य सरळ सुरू होत होतं.

मला वाटलं, माझंच बोट चुकलं. मागं जाऊन पाहिलं. नव्हता. पुढच्या पानावर सर पुन्हा म्हणाले, "हाउएव्हर." गुरुजींचं दुसरं बोट मिटलं. पानावर काही नाही. ज्या माणसानं माझ्या पत्रातून, टाकीच्या नोटिशीतून, स्वतःच्या जिभेवरून असले शब्द उपटून काढले, तो ते वाचता वाचता आपल्या मनानं घालत होता. जरा अंतर ठेवून. जिथं म्हाताऱ्याचं कपाळ आक्रसायचं, तिथं एक.

"प्रत्येकाला एक मार्क द्यायचो," गुरुजी डोळे न उघडता मला म्हणाले. "पोरांनी चांगला जोडशब्द घातला की मी वर्गातच बोट मिटायचो. पोरं माझ्या हाताकडे बघत लिहायची. हा तर पहिल्या बाकावर असायचा."

सर पाणी प्यायले. मग ते पान आलं. इंग्रजी माझं बेताचं, तरी एवढं कळलं, की एका ग्रामीण भागातल्या मुलांना हा शब्द एका शिक्षकानं दिला. सरांनी ते जसंच्या तसं वाचलं.

"हे मी?" गुरुजी म्हणाले.

"हो."

"पुस्तकात?"

"हो, अण्णा."

"पुढं वाच."

पुढचं वाक्य माझ्या बोटाखाली होतं: दे यूज्ड इट व्हेअर इट वॉज नॉट नीडेड. त्यांनी तो गरज नव्हती तिथंही वापरला. 'नॉट नीडेड' हे शब्द मला फार चांगले माहीत आहेत. खरेदीवाला माझ्या कोटेशनवर तेच लिहितो.

सरांनी वाचलं, "मोरओव्हर, दे यूज्ड इट." आणि पूर्णविराम दिला. बाकीचं वाक्य पानावरच राहिलं.

गुरुजींची करंगळी मिटली. मूठ पूर्ण झाली. ती त्यांनी तशीच वर धरली, वर्गाला दाखवावी तशी.

"पैकीच्या पैकी," म्हणाले. मग तोंड माझ्याकडे वळवलं. "ढाकणे, बोट होतं ना पुस्तकात? बरोबर वाचलं का यानं?"

सर माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यभर समोरच्याला चुकताना पकडून कमावलं. आणि हा तर माझ्या निम्म्या पेट्या घालवलेला माणूस, हातात सापडलेला, पुराव्यासकट.

"अक्षर न् अक्षर, गुरुजी," मी म्हटलं.

गुरुजी चहा टाकायला सांगून हात धुवायला आत गेले. सरांनी माझ्या हातून प्रत घेतली, कोपरे जुळवून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "तुमचं काही काम होतं?"

खिशातला कागद मी बोटांनी आणखी खाली सारला.

"नाही," मी म्हटलं. "सहज आलो होतो."